प्रस्तावनेसकट अर्धा तास

नागपुरात ब्लूज ऐकणारी माणसं किती, असं मला कधी कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं : चार. त्यातला चौथा मी. आणि माझ्याबद्दलही छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण पहिले सहा महिने मी खरंच ऐकत होतो की ऐकल्यासारखं तोंड करून बसत होतो, ते माझं मलाच कळत नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतो. म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या धरणावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि त्याच्या रेषा शाईने गिरवायच्या. धरण वाहून गेलं तरी आपल्यावर बालंट येत नाही, अशी सुखाची नोकरी. राहायला इंदोऱ्यात होतो, आईबाबांजवळ. जमीन संपादनाच्या एका खटल्यात काही नकाशे धरमपेठेतल्या एका वकिलांकडे पोचवायचे होते. रविवारची सकाळ होती. बैठकीतून एका माणसाचं विव्हळणं आणि गिटारची तार ऐकू येत होती. मी नकाशांची गुंडाळी काखेत धरून दारातच उभा राहिलो. वकीलसाहेबांनी तबकडी संपेपर्यंत मला उभं ठेवलं आणि मग विचारलं, "आवडलं?"

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं! त्या एका होकारावर मला मंडळात प्रवेश मिळाला.

मंडळाला नाव नव्हतं, पण नियम होते. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे संगीत नागपुरात आलं कसं, तर अजनीच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर घर मोडून ऑस्ट्रेलियाला निघाला होता. वकीलसाहेब त्याचं जेवणाचं टेबल घ्यायला गेले आणि टेबलासोबत तबकड्यांचं एक खोकं घेऊन आले. टेबल लवकरच डगमगायला लागलं. तबकड्या मात्र टिकल्या. त्या ड्रायव्हरच्या शेजारी राहणारा एक रेल्वे गार्ड लहानपणापासून भिंतीपलीकडून त्याच तबकड्या ऐकत आला होता. त्या कुठे गेल्या याचा माग काढत तो एक दिवस धरमपेठेत येऊन धडकला. तो दुसरा. तिसरे एका कॉलेजात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक. त्यांना या गाण्यांतले शब्द कळत, म्हणून ते आमचे भटजी.

दर रविवारी दहा वाजता आम्ही जमत असू. एकाने आपल्या आवडीची एक चीज आणायची, म्हणजे त्याच खोक्यातली निवडायची, आणि ती बाकीच्यांना ऐकवायची. पहिला नियम असा की चीज वाजवण्याआधी प्रस्तावना करायची. दुसरा नियम, मध्ये 'वाहवा' म्हणायचं नाही, कारण ती आपली सवय, त्यांची नाही. तिसरा, पायाने ठेका धरायचा नाही. तिथल्या लोकांनी जे नाचत, पीत, एकमेकांच्या अंगावर पडत ऐकलं असेल, ते आम्ही दहावीच्या पेपरला बसल्यासारखे ऐकत होतो. शेवटी चहा आणि वहिनींनी केलेला चिवडा. चिवडा खातानाच तेवढा ठेका धरला जायचा.

प्राध्यापकांची प्रस्तावना तीन मिनिटांच्या गाण्याला पंचवीस मिनिटं चालायची. गुलामांची जहाजं निघायची, समुद्र ओलांडायची, किनाऱ्याला लागायची, आणि मग कुठे गिटारला हात लागायचा. गार्डची प्रस्तावना एका ओळीची असे : "आदमी रो रहा है. सुनो." प्राध्यापकांच्या मते गार्डला संगीताची जाण नव्हती.

एकदा प्राध्यापक कापसावर बोलत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "कापूस वेचताना बोंडाच्या टोकाने बोटं कशी फाटतात, याची तुम्हा-आम्हाला कल्पना यायची नाही." माझ्या आईचं माहेर खाप्याकडचं. लग्न होईपर्यंत तिने दुसऱ्यांच्या शेतात कापूसच वेचला. बाबांनी वीस-बावीस वर्षं गिरणीच्या पिंजण खात्यात कापसाची धूळ खाल्ली. मी मान हलवली. कल्पना येत नाही, अशी हलवली.

आणि बाबा गात होते. ही गोष्ट मी मंडळात कधीही काढली नव्हती.

बाबांची स्वतःची गाणी म्हणायची पार्टी होती. पेटी, ढोलकी, बेंजो, टाळ्या वाजवणारे दोघे आणि मध्ये बाबा. जयंती जवळ आली की इंदोऱ्यापासून कन्हानपर्यंत त्यांना बोलावणी यायची. 'जयंती' म्हटल्यावर कोणाची, असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. जयंतीला बाबा कोट घालायचे, टाय बांधायचे आणि नागपूरच्या एप्रिलमध्ये घामाने निथळत चार-चार तास गायचे. शब्द त्यांचे स्वतःचे. चाली मात्र सिनेमातून उचललेल्या. त्यांचं म्हणणं होतं, "लोकायले चाल माहीत पाहिजेन, तवाच शब्द ध्यानात राह्यते." मला त्या चालींची लाज वाटायची. बेंजोची तर फारच. आता लिहिताना मला त्या लाजेची लाज वाटते, पण त्या वेळी ती अगदी अस्सल होती. रविवारी धरमपेठेत जाऊन मी समुद्रापलीकडच्या आंधळ्या गायकाच्या दुःखाने गदगदून यायचो आणि घरी आल्यावर बाबांना म्हणायचो, "जरा हळू म्हना ना, शेजारी काय म्हनतील!" शेजारी तर खिडकीला येऊन ऐकत असायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांचा आवाज बसला. गूळ झाला, ज्येष्ठमध झाला, कोणी सांगितलेला काढा झाला. आवाज फाटतच गेला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज जाईल. मी ते बाबांना कसं सांगावं म्हणून बाकड्यावर बसून शब्द जुळवत होतो, तर बाबाच आतून आले. त्यांनी डॉक्टरांना स्वतःच विचारलं होतं. विचारलं होतं ते एवढंच : "जयंतीनंतर केलं तर नाही चालत का?"

नाही चालत, असं डॉक्टर म्हणाले. फेब्रुवारी होता. सोमवारी भरती व्हायचं होतं.

घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "आता माहं ते गानं कोन म्हनन वं?" ते गाणं म्हणजे बाबांनी स्वतः रचलेलं. छप्पन साली ते आणि आई कुहीकडच्या गावाहून दीक्षेसाठी पायी नागपूरला आले, त्यावरचं. आठ कडवी. पांढऱ्या लुगड्यासाठी आईने काय काय केलं, वाटेत पाणी कोणी दिलं, कोणी नाही दिलं, आणि मैदानावर पोचल्यावर स्वतःच्याच पायाच्या फोडांचं हसू कसं आलं, असं सगळं त्यात होतं. ते गाणं पार्टीत कोणी दुसरं म्हणायचं नाही. ढोलकीवाल्यालासुद्धा ते पूर्ण पाठ नव्हतं. मग बाबा माझ्याकडे वळले. "तुह्या त्या वकिलाजवळ टेप हाय म्हनत होता ना तू?"

वकीलसाहेबांच्या मेव्हण्याने मस्कतहून एक कॅसेट रेकॉर्डर आणला होता. हे मी घरी फुशारकीने सांगितलं होतं. मागायला जायचं म्हणजे मंडळात बेंजो काढावा लागणार. मी बुधवारी गेलो नाही, शुक्रवारी गेलो नाही. ऑफिसातून फोन करता आला असता, तोही केला नाही. गेलो तो थेट रविवारी, मंडळाच्या वेळेला, आणि प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं. गिरणीत राबून गाणारा बाप, कुहीहून पायी येण्याचं त्याचं गाणं, गाठ, सोमवार.

मग प्राध्यापकांचे डोळे चमकले. "म्हणजे गिरणी कामगार? मूळचे खेड्यातले? आणि आवाज फाटलेला?" ते उठूनच उभे राहिले. "अहो, इतके दिवस लपवलंत कुठे?" मी आजारी बाप घेऊन गेलो होतो, त्यांना खजिना सापडला होता. पण वकीलसाहेब लगेच म्हणाले, "आजच करू. आत्ताच." त्यांनी स्वतःच्या हाताने रेकॉर्डर कापडात गुंडाळला. माणूस मनाने चांगला होता, हे मी आजही म्हणेन.

अडचण एकच होती. कॅसेट एकच होती. साठ मिनिटांची. तिच्या एका बाजूला त्या आंधळ्या गायकाची अर्ध्या तासाची मैफल होती. मुंबईच्या कोणाकडून एका दिवसासाठी तबकडी आणून ती उतरवून घेतलेली. तबकडी परत गेली होती. दुसरी बाजू कोरी. सीताबर्डीवर नवी कॅसेट मिळाली असती, पण रविवार, दुकानं बंद. "अर्धा तास पुष्कळ झाला," प्राध्यापक म्हणाले. बाबांचं गाणं टाळ्याबिळ्यांसकट बारा मिनिटांचं होतं. मी मनात हिशोब केला आणि निर्धास्त झालो.

मी सायकलने पुढे येऊन घरी सांगितलं होतं. आमच्या गल्लीत गाडी शिरत नव्हती, म्हणून तिघे तोंडाशी उतरून चालत आले. घरात पार्टी जमली होती. सतरंजी घातलेली. बाबांनी कोट घातला होता, टाय बांधला होता. रेकॉर्डरमध्ये कोट दिसत नाही, असं मी म्हणालो, तर म्हणाले, "मले त दिसते ना!" आईने पोहे केले होते. ते खाताना प्राध्यापक घराच्या भिंतींकडे फार समाधानाने पाहत होते.

मग लाल बटण दाबलं गेलं, आणि प्राध्यापकांनी प्रस्तावना सुरू केली.

हे मला आधी सुचायला हवं होतं. दर रविवारी पाहत होतो. पण प्रस्तावना हा मंडळाचा धर्म होता आणि धर्माला कोणी थांबवत नाही. जहाजं निघाली. समुद्र ओलांडून झाला. कापूस आला. यंत्राच्या काचेआड चाकं फिरत होती, मी ती पाहत होतो, आणि 'साहेब, टेप जाऊन राहिली' एवढं बोलायची माझी टाप नव्हती. आठ मिनिटांनी प्राध्यापक थांबले, तर वकीलसाहेब म्हणाले, "मी दोन शब्द बोलतो." ते आपल्या लहानपणावर बोलले. कुहीकडच्या एका गावची त्यांची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी. त्यांच्या अंगणात सणाच्या दुसऱ्या दिवशी एक माणूस यायचा आणि गायचा. तसा आवाज त्यानंतर त्यांनी फक्त या अमेरिकन तबकड्यांमध्ये ऐकला, म्हणून ते या संगीताकडे वळले. हे आम्हाला नवीन होतं. पाच मिनिटं गेली.

"आता सुरू करा काका," प्राध्यापक म्हणाले. "फक्त ती पेटी नको. ढोलकी, बेंजोही नको. नुसता आवाज. शेतात म्हणतात ना, तसा."

"बाज्याबिगर?" बाबा म्हणाले. "मंग मी का रेडिओवरच्या बातम्या सांगू?"

सगळे हसले. ढोलकीवाला हसला नाही. त्याने ढोलकी मांडीवर उभी केली आणि तिच्यावर हनुवटी टेकून बसला.

तेव्हा वकीलसाहेबांनी हात जोडले. खरोखर जोडले. "काका, तुम्ही आमच्याच भागातले. ते अंगणातलं गाणं तुम्हाला येतच असेल. तेवढं एकदा म्हणा."

बाबांचा चेहरा पाहून मला कळलं की येतं. लहानपणी ते आपल्या बापाबरोबर ते म्हणत दारोदार गेले होते, उरलंसुरलं मागायला. बाबा सावकाश म्हणाले, "साहेब, ते मी छप्पन सालीच नदीत टाकलं. देवायसंगं."

टेप फिरत होती. प्राध्यापक माझ्याकडे पाहत होते, वकीलसाहेब माझ्याकडे पाहत होते. आणि मग बाबांनीही माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणालो असतो तर तिथेच संपलं असतं.

"म्हना ना बाबा," मी म्हणालो. "एकडाव."

बाबांनी टायची गाठ सैल केली आणि गायले. बाज्याशिवाय, फाटलेल्या आवाजात, जमिनीकडे पाहत. त्या गाण्यात दुःख नव्हतंच. धन्याचं घर भरो, धन्याची बैलजोडी जगो, कोठीत धान्य मावू नये, सुनेच्या कुशीला ल्योक व्हावा, आणि प्रत्येक आशीर्वादाच्या शेवटी दारातल्या माणसाला शिळा तुकडा मिळावा. असं एकेक करून ते घरातल्या गायीवासरांपर्यंत गेलं. आई उठून आत निघून गेली. प्राध्यापकांच्या डोळ्यांत पाणी होतं. मधेच आवाज चिरकायचा, ती गाठ बोलत होती, आणि प्राध्यापक हळूच मान हलवायचे, की हेच, हेच ते! वकीलसाहेबांनी डोळे मिटले होते. ते आपल्या अंगणात पोचले होते.

गाणं संपलं. बाबांनी पेटी पुढे ओढली, टाय नीट केला आणि ढोलकीवाल्याला म्हणाले, "चाल गड्या. आता आपलं."

ढोलकी कडाडली. बेंजो वाजला. बाबांनी पहिली ओळ म्हटली, टाळ्यावाल्यांनी उचलली, दुसरी ओळ म्हटली, आणि रेकॉर्डरचं बटण टक करून वर आलं. अर्धा तास संपला होता.

बाजा थांबला. सगळ्यांच्या आधी गार्ड बोलला, इतका वेळ तो एक शब्दही बोलला नव्हता. "पलटा दो ना. दूसरी साइड है."

"त्या बाजूला ती मैफल आहे," प्राध्यापक म्हणाले. "ती एकमेव प्रत आहे."

वकीलसाहेबांचा हात कॅसेटवर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला आजही वाटतं की मी नुसती मान हलवली असती तरी त्यांनी ती पलटवली असती. बाबा पेटीवर बोटं ठेवून वाट पाहत होते.

"राहू द्या," मी म्हणालो. "झालं तेवढं पुरे."

ट्रेसरची सवय. दुसऱ्याची रेघ मोडायची नाही.

बाबांनी ढोलकीवाल्याकडे पाहिलं. मग त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि आठही कडवी म्हटली. टेपशिवाय. खिडकीला शेजारी जमले होते, आई पदराने तोंड पुसत दारात येऊन उभी राहिली होती, गार्ड मांडीवर उघड उघड ठेका धरत होता. त्यानंतर बाबा कधी गायले नाहीत. आणि मला ते गाणं नीट आठवत नाही, कारण मी सगळा वेळ वकीलसाहेबांच्या खिशातून दिसणाऱ्या कॅसेटच्या कोपऱ्याकडे पाहत होतो.

ऑपरेशन चांगलं झालं. बाबांच्या गळ्याला पुढच्या बाजूने एक भोक राहिलं. त्यातून श्वास जायचा-यायचा, त्यावर ते मलमलची पांढरी घडी बांधायचे. बोलणं पाटीवर. गिरणीत सह्यांपुरतं लिहिणारे बाबा आता दिवसभर लिहायला लागले. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्याशी ते हातवाऱ्यांनी भांडायचे, आणि तीच जिंकायची.

इकडे मंडळात बाबांची कीर्ती झाली. मुंबईपुण्याचा कोणी रसिक वकीलसाहेबांकडे उतरला की ती बाजू वाजवली जायची. प्राध्यापकांची रेकॉर्ड झालेली प्रस्तावना पुरेशी नाही असं ठरून, त्या प्रस्तावनेलाही एक प्रस्तावना करायचं काम माझ्याकडे आलं. मी ते केलं. दोन-तीनदा केल्यावर चांगलं जमायला लागलं. कुठे थांबलं की पाहुण्यांचा चेहरा गंभीर होतो, ते मला कळलं होतं. एका पाहुण्यांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "अजून आहेत का असे कोणी तुमच्यात?"

वर्षभराने पुन्हा जयंती जवळ आली, तेव्हा बाबांनी पाटीवर लिहिलं : 'माझं टेप ऐकव.'

मी रेकॉर्डर आणि कॅसेट मागून आणली. गडबडीत उलटी बाजू लावली. प्रस्तावना नाही, काही नाही, एकदम गिटार, आणि तो आंधळा माणूस गायला लागला. मी बंद करायला गेलो तर बाबांनी हात धरला. मान वाकडी करून ते ऐकायला लागले. नवी चाल ऐकताना ते असेच बसायचे. वर्षानुवर्षं मी चांगल्या श्रोत्यांमध्ये बसलो होतो, पण गाणं असं ऐकणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला, तोही माझ्याच घरात. त्यांचं बोट मांडीवर पडत होतं आणि बरोबर तिथेच गिटारची तार वाजत होती. अर्धा तास ते जागचे हलले नाहीत.

मग लिहिलं : 'कोण?'

मी सांगितलं. अमेरिकेतला, काळा, आंधळा, कापसाच्या मुलखातला. मेला.

'काय म्हणते? कोणाचं घर भरो?'

"नाही बाबा. म्हनते, बायको सोडून गेली, गाडी चुकली, देव आयकून नाही राहिला."

बाबा हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. लिहिलं : 'त्यानंच रचलं?' मी हो म्हणालो. त्यांनी बराच वेळ खडू बोटांत फिरवला.

मग मी बाजू पलटवली. प्राध्यापकांच्या आठ मिनिटांना त्यांनी भुवया उंचावल्या. वकीलसाहेबांना मान खाली घालून ऐकलं. नंतर त्यांचा स्वतःचा आवाज आला, धन्याचं घर भरू लागलं. दुसऱ्या आशीर्वादाला बाबांनी पुढे वाकून बटण बंद केलं.

'त्याचं राहू दे,' त्यांनी लिहिलं. 'हे पूस.'

मी हादरलो. "बाबा, हा तुमचा एकच आवाज हाय. दुसरा कुठंच नाही. पाहिजे त त्या आंधळ्याचं पुसू, मी सांगतो वकीलसाहेबायले!" हे मी वर्षभर उशिरा म्हणत होतो.

बाबांनी मान हलवली. 'आवाज माझा,' लिहिलं. 'गाणं त्यांचं.' आणि मी नीट वाचलं की नाही हे पाहून पाटी तळहाताने साफ केली.

पुढच्या रविवारी मी मंडळात कॅसेट कायमची मागितली. कशासाठी तेही सांगितलं. प्राध्यापक संतापले. असला ठेवा एका घरचा नसतो, म्हणाले, तो समाजाचा असतो. कुठल्या समाजाचा, असं मी विचारलं. मंडळात मी पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, निदान प्रत काढून घेऊ. मी नाही म्हणालो. दुसऱ्या बाजूची काढून घ्या हवी तर, ही नाही. गार्ड म्हणाला, "उनका गाना है, वो जाने."

वकीलसाहेब उठून कपाटापाशी गेले. मग म्हणाले, "आमची आजी त्या माणसाला भाकर वरून टाकायची. ओसरीवरून. तो धोतराचा सोगा पसरून उभा असायचा. कधी कधी भाकर बाहेर पडायची, मग तो उचलायचा." जरा थांबून म्हणाले, "त्या दिवशी हे सांगायचं राहिलं." त्यांनी कॅसेट आणि जयंतीपुरता रेकॉर्डरही आणून दिला आणि चहा न घेता मी निघालो.

जयंतीच्या आदल्या रविवारी आमच्या घरी पुन्हा सतरंजी पडली. बाबांनी कोट घातला, टायच्या जागी गळ्याच्या भोकावर ती पांढरी घडी. गाण्याचे शब्द त्यांनी पंधरा दिवस आधीच वहीत उतरवून ढोलकीवाल्याला दिले होते. तो गाणार होता. त्याला वाचायला वेळ लागायचा, म्हणून त्याची शाळेत जाणारी मुलगी बाजूला वही धरून बसली. लाल बटण बाबांनी स्वतः दाबलं. त्या काचेआड माझ्या बापाचा आवाज पुसला जात होता आणि तो पुसणारे ते स्वतः पेटीवर बोटं ठेवून ढोलकीवाल्याला खुणेने सांगत होते की, चाल, घे.

ढोलकीवाल्याचा आवाज काही खास नव्हता. तो वर चढताना घसरायचा, तेव्हा बाबा तो सूर पेटीवर जोरात दाबून त्याला हाताला धरून वर आणायचे. आठ कडवी झाली. टेप उरली होती. जुन्याचा एक शब्दही मागे राहू नये म्हणून बाबांनी दुसरं गाणं घ्यायला लावलं, मग तिसरं, बटण टक करून वर येईपर्यंत. तिसऱ्याला आईही म्हणत होती.

ती कॅसेट माझ्याजवळ आहे. एका बाजूला तो आंधळा, दुसऱ्या बाजूला आमची पार्टी. कोणी घरी आलं की मी दोन्ही ऐकवतो. बाबांच्या गाण्यात प्रत्येक कडव्याच्या आधी एक फुस्स असा आवाज येतो, अगदी गाणारा जिथे श्वास घेतो तिथे. ऐकणाऱ्यांना वाटतं, पेटीचा भाता फाटका असेल. भाता नवा होता.